मालकांचा होकार

बावीस वर्षं सांभाळलेल्या खुर्चीसाठीच मंजुळाताईंना पुन्हा मुलाखत द्यावी लागत होती. इंदूरच्या पलासिया भागातल्या त्या कंपनीला आता ऑफिस असिस्टंट नको होती, ‘एआय कोऑर्डिनेटर’ हवी होती. पुण्याहून नुकताच आलेला एचआर मॅनेजर लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून म्हणाला, “कालच्या मीटिंगचा वृत्तांत सॉफ्टवेअरने मिनिटात लिहिला. तुम्हाला किती वेळ लागला असता?” त्यांनी वाचलं. डीलरच्या मागणीला मालकांनी होकार दिल्याचं लिहिलं होतं. “मालक नेमकं काय म्हणाले?” “‘देखते हैं, भिया,’ असं.” “इंदुरात याला नकार म्हणतात.” त्याचा चेहरा उतरला. “डीलरला मंजुरीचा मेल गेलाय, मॅडम. त्याला माफीचं पत्र लिहून द्या, नोकरी तुमची पक्की.” ताईंनी त्याच्याकडे चपलेला लागलेल्या शेणाकडे पाहावं तसं पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या. हाही नकार त्याच्या डोक्यावरून जाऊ नये म्हणून त्यांनी तो दोनदा सांगितला.