नाल्याच्या पुलापर्यंत

देवमननं यंत्रातल्या बोराएवढ्या ट्रान्झिस्टरला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. तव्यासारखा तापला होता. दुरुस्तीला आलेल्या, बाजूला ठेवलेल्या रेडिओत उमटणारा आवाज घोगरा झाला, लटपटला आणि बंद पडला.

"गेला," तो स्वतःशीच म्हणाला. आणखी एक सेल जोडायचा मोह नडला होता.

अंगणातल्या पाटावर त्याचा सगळा पसारा मांडलेला होता. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, भंगारातल्या सेटांतून काढलेले सुटे भाग, बॅटरीचे सेल आणि दाबायला टिनाची एक पट्टी. पट्टी दाबली की जवळपासच्या रेडिओत, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत, आवाज उमटायचा. एक लांब, दोन आखूड. ही शीळ त्याच्या वडिलांची, नत्थुजींची. लहानपणी दिवेलागणीला ते दारात उभे राहून ती घालायचे, आणि देवमन आणि त्याची बहीण रुख्मिणी, जिथं असतील तिथून, घराकडे धावत सुटायचे.

रुख्मिणी आता अमरावतीला होती. नत्थुजींनी हिवरखेडच्या पाहुण्यांना शब्द दिलेला असताना तिनं आपल्या पसंतीच्या मास्तराशी लग्न केलं. बापाचा शब्द गेला, गावात मान खाली गेली. त्यांनी देवमनला शपथ घातली, "तिच्या उंबऱ्यावर गेला, नाही तं तिले चिठ्ठी धाडली, तं माझं मेलेलं तोंड पाहशीन." देवमन वलगावातला सगळ्यात आज्ञाधारक मुलगा. पण शपथेत रेडिओचं नाव नव्हतं, हे एक दिवस त्याच्या ध्यानात आलं आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना.

रुख्मिणीकडे सेट होता. संध्याकाळी त्याचा काटा कुठं ठेवायचा, हे देवमन चंद्रभान टांगेवाल्यासमोर एकदा मोठ्यानं बोलून गेला. आता चंद्रभाननं ते शहरात जाऊन तिला सांगितलं, त्याला देवमन काय करणार? चंद्रभाननं निरोपही आणला. "नुसती खरखर येते म्हनते. रोज लावून बसते बिचारी."

मग देवमन जोर वाढवायच्या मागं लागला. सेल वाढवले. तार निंबाच्या शेंड्यावर चढवली. चहाच्या डब्याचा पत्रा कापून ट्रान्झिस्टरच्या पाठीला बांधला, तेवढीच उष्णता कमी. "त्यापरीस टांग्यात टाक अन् शहरात नेऊन वाजव ना," चंद्रभान म्हणाला होता. देवमनला ते पटलं नव्हतं. घरची हाक घरूनच गेली पाहिजे.

बापाची तेवढी आडकाठी नव्हती. देवमन पाटाशी बसला की नत्थुजी आपला कातडी कव्हरचा सेट काखोटीला मारून बाहेर पडत. या आवाजाचा राग, दुसरं काय, असं देवमन समजायचा. हल्ली तर ते फारच उशिरा परतत. मग दोघं समोरासमोर मुकाट्यानं जेवत. रुख्मिणीचं नाव कुणी घ्यायचं नाही. कधी कधी देवमनला तिची इतकी आठवण यायची, की तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

आज मात्र नत्थुजी लवकर परतले, धापा टाकत. देवमननं घाईघाईनं पसाऱ्यावर फडकं टाकलं.

"बंद कावून पडलं?" नत्थुजींनी विचारलं.

"काय, बाबा?"

"शीळ. मी वडापाशी पोचलो अन् बंद झाली." ते ओट्यावर टेकले. सेट अजून हातातच होता. "पयले विहिरीपर्यंत यायची. तू तार निंबावर चढवली तवा वडापर्यंत आली. काल तं नाल्याच्या पुलापर्यंत ऐकू आली. ऐकू येते तोवर मी शहराकडं चालत राहतो."

देवमननं पसाऱ्यावरचं फडकं बाजूला केलं.

"पुलाच्या पुढं नाही येत," नत्थुजी मान खाली घालून म्हणाले. "अन् आवाज सरला का माहे पाय मागं फिरतात. पोरीच्या दारी एकटा कोन्या तोंडानं जाऊ? अजून जोर वाढव ना, बापू. पार तिच्या घरापर्यंत."

देवमनजवळ एकच ट्रान्झिस्टर उरला होता, तोही अशक्त. त्यानं तो जोडला. पट्टी दाबून पाहिली. बापाच्या सेटमध्ये बारीकशी शीळ वाजली. मग त्यानं निंबावरची तार सोडवली आणि सगळा पसारा पिशवीत भरायला घेतला.

"जोर नाही वाढत, बाबा. पन हे पिशवीत मावते." तो थबकला. "अन् शपथ?"

"सुटली," नत्थुजी म्हणाले.

दोघं निघाले. देवमन पिशवीत हात घालून पट्टी दाबत होता, बाप सेट कानाला लावून चालत होता. विहीर मागं पडली, वड मागं पडला. पुलावर नत्थुजी सवयीनं थांबले. कान देऊन ऐकलं. एक लांब, दोन आखूड. अगदी स्वच्छ.

त्यांनी देवमनपुढं हात केला.

"दे इकडं ते," ते म्हणाले. "हाक माझी हाये."