जिथल्या तिथे

आमचे हे एका मोठ्या ऑफिसात रेकॉर्डकीपर. तिथली शिस्त घरातही. माणशी एक फाईल, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली कायम यांच्या खिशात. ‘मूळ कागद कधी फाडायचा नाही, जाळायचा नाही. कधी काय लागेल, सांगता येत नाही,’ हे यांचं पालुपद.

या शिस्तीलाच कंटाळून यांची पहिली बायको सात वर्षांपूर्वी परदेशी नोकरीला निघून गेली म्हणे. “विमानात बसली ती बसलीच. साधा फोन नाही गं!” सासूबाई अजून बोटं मोडतात.

लग्नाला महिना झाला, तसे यांनी माझेही कागद मागून घेतले. “तुझ्या बॅगेत गहाळ होतील. माझ्याकडे दे, जपून राहतील.” पासपोर्टसकट सगळे मी देऊन टाकले.

आज आंघोळीला जाताना हे किल्ली टेबलावर विसरले. मला बँकेत लग्नाचा दाखला दाखवायचा होता, म्हटलं कशाला यांना हाका मारा, आपणच घेऊ. कपाट उघडलं. माझ्या नव्या फाईलला खेटूनच त्यांच्या पहिल्या बायकोची फाईल होती. सहज चाळली. शेवटच्या पाकिटात तिचा पासपोर्ट होता, आणि ती गेली त्या दिवसाचं विमानाचं तिकीट.

बाथरूममधला नळ बंद झाला. “अगं,” आतून यांचा शांत आवाज आला, “किल्ली जिथल्या तिथे आहे ना?”