येणाऱ्यांचे फोटो

"माज्या पोरींची तोंडं काढायची न्हाईत. येनाऱ्यांची काढ," गोजराबाईनं बजावलं, आणि वैजयंतीला तेच तर हवं होतं.

महाप्याच्या कारखान्यांमागची ती गल्ली. गोजराबाई तिथली घरवाली, धंद्याच्या पोरी सांभाळणारी. वैजयंती वाशीहून आली होती, एका पेपरच्या रविवार पुरवणीसाठी फोटो काढायला. आजवर जो तो या बायकांचेच फोटो काढून गेला होता. गिऱ्हाइकांकडे कुणी कॅमेरा वळवलाच नव्हता. नुसत्या विचारानंच ती सकाळपासून उतावीळ झाली होती.

पहिली पाळी सुटली आणि पुरुष येऊ लागले. पहिल्यानं कॅमेरा बघताच रुमाल तोंडावर घेतला. दुसऱ्यानं डब्याची पिशवी आडवी धरली. तिसरा इतक्या घाईनं मागं वळला, की मागून येणाऱ्यावर आदळला आणि दोघंही भिंतीला चिकटले. उंबऱ्यावरच्या बायका खो खो हसायला लागल्या. मग त्याच दाखवू लागल्या, तो छत्रीवाला बघ, तो गॉगलवाला बघ. वैजयंती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. खटका दाबायचा, फिल्म सरकवायची, की पुन्हा खटका. गोजराबाई स्टूल ओढून मधोमध बसली. एक दिवस धंदा बुडाला तर बुडू दे म्हणाली.

एवढ्यात मीना खोलीतून बाहेर आली आणि बायकांचं हसू थांबलं. गेल्या दिवाळीत एका फोटोवाल्यानं तिला दारात गाठलं होतं. हात पुढं करून ती नको म्हणाली, तरी त्यानं काढला आणि तिचा चेहरा छापून आला. गावात पेपर पोचला. तू आम्हाला मेलीस, असा भावाचा निरोप आला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती आत जाऊन कडी लावायची.

आज ती सरळ वैजयंतीसमोर येऊन उभी राहिली. "मला दे," म्हणाली.

वैजयंतीनं कॅमेरा तिच्या गळ्यात घातला, कुठून बघायचं, काय दाबायचं ते दाखवलं. मीनानं एक डोळा मिटला आणि कोपऱ्यावरून वळणारा धिप्पाड ट्रकवाला पाठ फिरवून पळाला. तिला भलताच चेव आला. पदर कमरेला खोचून ती पुढं पुढं निघाली. तिचे गाल लाल झाले होते. वैजयंतीला तिच्यामागं पळावं लागत होतं.

तेवढ्यात एक जण अगदी समोरच आला. खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. पळायला वाट नव्हती. त्यानं हात पुढं केला.

"नको, बाई. घरी बायकोपोरं आहेत. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"काढ, मीने, काढ," बायका ओरडल्या.

मीनाचं बोट खटक्यावर होतं. "मी बी असंच म्हनले हुते," ती म्हणाली.

त्या माणसाला काही कळलं नाही. तो हात तसाच धरून उभा राहिला. कॅमेरा हळूहळू खाली झुकला. चौकटीतून चेहरा गेला, पेन गेलं, कमरेचा पट्टा गेला. बुटांशी येऊन कॅमेरा थांबला आणि खटका वाजला. माणूस भिंतीला घासत निघून गेला.

छापायचा तर हाच, हे वैजयंतीला तिथंच कळलं. तिनं मीनाला सांगितलं, की हा फोटो पेपरात देते, आणि फोटोखाली काढणाऱ्याचं नाव घालतात. मीना असं घालू का, तिनं विचारलं.

"मीना हितलं नाव." मीनानं गळ्यातून कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. "जयमाला सिताराम लिव्ह. गावात येतो त्यो पेपर."

गोजराबाई स्टुलावरून उठली आणि मीनाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत ते नाव तिनंही पहिल्यांदाच ऐकलं होतं.