बिनधुराची सांज

नवा तारा दिसला तर आपल्या पदरात काय काय पडेल, याची मोजदाद बापूजी गुरुजींनी शाळा सुटायच्या आतच करून टाकली होती. नागपूरच्या प्रोफेसरांच्या पत्रिकेत एक ओळ. त्या ओळीत आपलं नाव, नावापुढे 'कुरखेडा, जिल्हा चांदा'. आणि ती पत्रिका शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांपुढे टेबलावर सहज उघडी पडलेली. याच साहेबांनी गेल्या खेपेला शेरा मारला होता, 'मास्तरांचे लक्ष वर्गात कमी, आकाशात अधिक.'

तार वडशाहून मोटारीच्या ड्रायव्हरच्या खिशातून आली होती आणि त्या खिशात ती दोन दिवस मुक्काम करून आली होती. अश्विनी नक्षत्राजवळ एक तारा एकाएकी भडकला होता, आता रोज विझत चालला होता. नागपुरात ढग होते. ज्याला दिसेल त्याने शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचा उजेड कळवावा, असं प्रोफेसरांचं म्हणणं. उद्या तो गुरुजींच्या दुर्बिणीच्या आवाक्यात राहणार नव्हता. हाती होता आज अंधार पडल्यानंतरचा जेमतेम अर्धा तास. मग नक्षत्र तळ्यापलीकडच्या झाडांत उतरणार.

अडचण सत्तावन्न सालच्या मार्च महिन्याची होती. मोहाची फुलं पडायला लागली होती. पहाटे फुलं साफ जमिनीवर पडावीत म्हणून बाया रोज ऊन उतरलं की आपापल्या झाडाखालचा पाचोळा जाळत, आणि पश्चिमेचं सगळं आभाळ धुरात जाई.

गुरुजी गुणाबाईकडे गेले. तिनं काडी ओढली की बाकीच्या ओढत. तिनं नाही तर कोणीच नाही.

जोडलेले हात पाहून ती म्हणाली, "इलेक्शन तर होऊन गेलं ना जी? मंग काऊन आले?"

गुरुजींनी सगळं सांगितलं.

"म्हंजे तुमाले चांदनी दिसावी म्हून आमी पाचोळ्यातून फुलं वेचाची."

"एकच सांज, गुणाबाई. हा तारा पुन्हा यायचा नाही."

"पडलेला मोह बी परत झाडावर जात नाई, गुरुजी." तिनं क्षणभर विचार केला. "नाई जाळत. पन आमाले बी दाखवा लागन. अकरा जनीले. आन् आधी आमाले."

"आधी?"

"पाहुने ताटकळत ठेवून घरचा मानूस ताटावर बसते का?"

सौदा फुकटात पडला असं वाटून गुरुजी घाईघाईनं हो म्हणाले.

सांज होऊन अंधारलं. तळ्याच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, पश्चिम धुतल्यासारखी दिसत होती. गोऱ्या जंगलसाहेबानं जाताना टाकून दिलेली पितळी दुर्बीण गुरुजींनी नळीवरून नेम धरून अश्विनीकडे रोखली आणि शब्दाप्रमाणे बाजूला झाले.

चंदाबाईनं ती बैलाच्या शिंगासारखी दोन्ही हातांनी धरली. पुन्हा नेम. सुगंधाबाईनं दोन्ही डोळे मिटून पाहिलं आणि लई छान हाय म्हणाली. बुधरीला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. गुणाबाई वाकली ती वाकलीच.

"आटपा, गुणाबाई."

"थांबा जी. पाहून राह्यली."

अकरावी बाई बाजूला झाली तेव्हा दहा मिनिटं उरली होती. गुरुजी वाकले. आत नुसतं पांढुरकं. डोळा काढून पाहिलं तर तळ्याच्या टोकाला एका मोहाखालून धुराचा जाड खांब उठलेला.

"कोनाचं झाड व्हय ते?" सुगंधाबाईनं विचारलं. ते झाड गुरुजींच्या घरचं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

थोड्या वेळानं काळवंडलेली फांदी हातात घेऊन गुरुजींची बायको रुखमाबाई पाळीवरून आली. "आज कोनीच जाळलं नाई काऊन? म्हटलं, आपन तरी जाळून घ्यावं."

"गावभर सांगत फिरले गुरुजी," गुणाबाई म्हणाली. "घरी सांगाचं राह्यलं वाटते."

"मले सांगाले यायले आभाळातून खाली उतरा लागते ना, बाई," रुखमाबाई म्हणाली आणि घरी गेली.

धूर निवळेपर्यंत अश्विनी झाडांमागे गेली होती. गुरुजी पाळीवर मटकन बसले.

"तिघी होत्या," गुणाबाई म्हणाली.

"कोण?"

"चांदन्या. दोन पांढऱ्या, एक तांबूस. तांबूस वाली मोठ्या पांढरीपेक्षा पुष्कळ बारीक. लहान पांढरीपेक्षा मातर एक कनी जास्त."

जन्मभर तांदळातून कणी निवडलेली बाई. गुरुजींनी कंदील लावून ताऱ्यांचा नकाशा उघडला. दोन पांढऱ्या नकाशात होत्या. तांबूस नव्हती.

त्यांनी कार्डावर वेळ लिहिली, उजेड लिहिला. 'पाहणाऱ्याचे नाव' इथं टाक थांबला. गुणाबाईला वाचता येत नव्हतं, आणि पाळीवर काय झालं ते नागपूरला जाऊन कोण सांगणार होतं?

"काऊन थांबले जी? शाई सरली?"

"नाही," गुरुजी म्हणाले, आणि 'गुणाबाई लटारू मेश्राम' हे नाव एका दमात लिहून काढलं. हळू लिहिलं असतं तर हात स्वतःच्या नावाकडे वळला असता.

पहाटे ज्याचं त्याच्या पदरात पडलं. गुणाबाईचं नाव मोटारीनं वडशाकडे निघालं. रुखमाबाईच्या साफ जमिनीवरून दिवस उगवायच्या आत दोन टोपल्या भरल्या. अकरा जणींच्या झाडांखाली घोटाभर पाचोळा होता, आणि त्यातल्या पहिल्या, गुणाबाईच्या झाडाखाली बापूजी गुरुजी गुडघ्यांवर बसून पानं उलटून फुलं वेचत होते. अजून दहा झाडं बाकी होती.

"ते एक फूल राह्यलं, गुरुजी," गुणाबाईनं उभ्या उभ्या बोट दाखवलं. "तुमच्या गुडघ्यापाशी. दिसत नाई का जी?"