कॉटखालचं टोपण

"मावशी, तो खर्ड्याचा म्हातारा गेला का?"

अल्फिया सिस्टर दारात उभी होती. एका हातातला ग्लोव्ह काढलेला, बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब. राहीबाईचा झाडू तिथंच थांबला. वीस वर्षं जामखेडच्या त्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या बाईला त्या थेंबाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"टोचली?"

"टोचली."

"अगं, तो तर सुई घिऊन लगीच टेम्पोत बसला की!"

डॉक्टर जाम भडकले. "सुई दिल्यावर टोपण परत लावायचं नसतं, किती वेळा सांगायचं? सुई तशीच डब्यात टाकायची!" अल्फिया खाली मान घालून ऐकत राहिली. टोपण तर राहीबाईनं मघाशी कॉटखालून झाडून काढलं होतं. पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात तोंड घालायची तिला सवय नव्हती, आणि झाडूवालीचं ऐकतंय कोण?

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट दिलं. एड्स होऊ नये म्हणून पहिली गोळी जितकी लवकर घेतली तितकी बरी, तीन दिवसांनंतर तिचा उपयोग नाही. मग महिनाभर रोज एक. म्हाताऱ्याचं रक्त चांगलं निघालं तर गोळ्या बंद. "आणि उद्या तुझंही रक्त तपासू," ते म्हणाले.

"हो सर." तिनं पाकीट पर्समध्ये टाकलं.

राहीबाई लगबगीनं पाणी घेऊन आली. रोज सकाळी नऊला अल्फियाला पाणी द्यायचं काम तिचंच होतं. पोरीला अशक्तपणाची गोळी चालू होती, मोठी, पांढरी, लांबट. "गोळी हाय का भुईमुगाची शेंग?" असं राहीबाई रोज चिडवायची आणि अल्फिया रोज हसायची.

"आत्ता नको मावशी, पोटात काही नाही. आधी खर्ड्याला जाऊ. तुमचं माहेर ना ते? चला ना माझ्याबरोबर."

एसटीत अल्फिया सारखी घड्याळ बघत होती. राहीबाईला सहादेव आठवला. वॉर्डबॉय होता, कामसू पोरगा. त्याला सुई टोचली तेव्हा त्यानं चुना लावला आणि कुणाला सांगितलं नाही. पुढं एड्स निघाला, तेव्हा दवाखान्यानं कामावरून काढलं आणि भावकीनं पंगतीतून. राहीबाईनंसुद्धा त्याच्या हातचा चहा बंद केला होता. ते आठवलं की तिला आजही स्वतःची लाज वाटायची. आता या पोरीचं तसं होऊ नये, एवढंच ती मनात घोकत होती.

"नको भिऊ," ती म्हणाली. "त्यो म्हातारा, आमचा कानिफनाथ, म्हंजी सरळ मानूस. बायको मेली तरी दुसरी केली न्हाई त्यानं. त्याला काय असनार?"

"त्यांना काही नसलं तर..." अल्फिया एवढंच बोलली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

म्हातारा ओसरीवर बाजेवर पडला होता. पण रक्त तपासायचंय म्हणताच त्याची सून पंकजा उंबऱ्यातच आडवी आली. "रगत कशाला? आमच्या मामांना घान रोग हाय म्हनता व्हय? गावात नाक राहील का आमचं? निघा बरं!"

राहीबाई माहेरवाशिणीच्या हक्कानं भांडली, मग समजुतीनं बोलली, मग देवाची शपथ घातली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाई बधेना आणि वेळ कुणासाठी थांबेना. शेवटी अल्फियानं म्हाताऱ्याचे पाय धरले.

"बाबा, एक थेंब द्या. नाही म्हणू नका."

"पंकजा, गप ऱ्हा," म्हातारा उठून बसला. "लेकीवानी पोरगी रडतीया. घे गं, काय घ्यायचं ते."

अल्फियानं त्याच्या बोटातून थेंब घेऊन पर्समधल्या तपासणीच्या पट्टीवर टाकला. वीस मिनिटं सगळे पट्टीकडंच बघत राहिले. पट्टीवर एकच रेघ उमटली. म्हाताऱ्याच्या रक्तात काही नव्हतं.

राहीबाईचा जीव भांड्यात पडला. "सुटलीस गं बाई! सुंठीवाचून खोकला गेला. टाक आता त्या गोळ्या उकिरड्यावर!"

अल्फिया मात्र पट्टीकडं बघून हुंदके देत होती. सुटल्यावर माणूस असं रडत नाही, हे राहीबाईला जाणवलं, पण करायचं काय ते सुचेना. थोड्या वेळानं अल्फियानं डोळे पुसले आणि पर्समधलं पाकीट काढलं.

"बाबा, ही गोळी आत्ताच्या आत्ता घ्या. महिनाभर रोज एक. चुकवू नका. मी स्वतः येऊन देत जाईन."

"कसली गं?"

"ताकदीची."

राहीबाईला काही उमजेना. ज्याचं रक्त चांगलं निघालं त्यालाच औषध? पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय! "अगं, ती तुझी हाय ना? त्याला कशाला?"

अल्फियानं पाकीट फोडून गोळी काढली. म्हाताऱ्यानं भोळेपणानं तळहात पुढं केला.

"दे. तू देतीस तर घेतो. पर माज्या रगताचं कोडं काय सुटलं न्हाई, पोरी. सुई तर आदी तुलाच लागली. टोपान काडताना. टोपान उडून कॉटखाली गेलं, तू 'या अल्ला' म्हनलीस, अन् मंग मला तीच सुई दिलीस. म्या बगत हुतो की."

राहीबाई सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली आणि जागीच थिजली. म्हाताऱ्याच्या रापलेल्या तळहातावर तीच मोठी, पांढरी, लांबट गोळी होती, जिच्यासाठी ती गेली तीन वर्षं रोज सकाळी नऊ वाजता अल्फियाला पाणी देत आली होती.