दोन सेंटिमीटर

श्वासासाठी घशातून घातलेल्या नळीवरची एकोणतीसची खूण रुग्णाच्या दातांशी होती. त्याला डाव्या कुशीवर वळवलं, तेव्हा तिथे सत्तावीस दिसलं; नळी दोन सेंटिमीटर बाहेर आली होती. भूलतज्ज्ञ रालित्सा नळीत दुर्बीण घालून बघायला वळली, तोवर प्रोफेसर बोयाजिएवनी सुरी मागितली होती.

"स्टेथोस्कोप लाव आणि पुढे चल," ते म्हणाले. त्यांच्या थिएटरात दुर्बिणीसाठी कुणी थांबत नसे. तीही थांबली नाही.

नळीनं हवा फक्त डाव्या फुप्फुसाला द्यायची होती. उजवं मिटून राहिलं तरच त्यातली गाठ काढता येणार. ते मिटलं नाही. प्रत्येक श्वासासरशी ते फुगून जखमेतून प्रोफेसरांच्या बोटांवर येऊ लागलं.

"हे काय? पाव फुगवतेस का इथे?"

"नळी सरकली आहे. एक मिनिट द्या, दुर्बिणीतून बघते."

"काय बघणार? कॉफीच्या कपातलं भविष्य?" मदतीचा सर्जन मास्कआड हसला. "मी शिरेपाशी आहे. पाच मिनिटं," प्रोफेसर पुढे म्हणाले.

पाच मिनिटांनी रक्तातल्या प्राणवायूचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. यंत्रातून शुद्ध प्राणवायू तर ती केव्हापासूनच देत होती.

"प्रोफेसर, अठ्ठ्याऐंशी."

"मला आकडे वाचून दाखवू नकोस. तुझ्या आधीचे दोघं असेच वाचायचे. आता रक्तपेढीत बसून बाटल्यांवरची लेबलं वाचतात."

सिस्टर गेंका उगाचच चिमटे सारखे करत राहिली. यंत्राचा टिकटिकता स्वर खाली खाली उतरत होता. चौऱ्याऐंशी.

चादरीबाहेर राहिलेला रुग्णाचा कान जांभळट झाला होता. डॅन्यूबवर मालबोटी नेणारा माणूस. सकाळी त्यानं तिला एवढंच विचारलं होतं, "बाई, तुम्ही शेवटपर्यंत माझ्यापाशीच असाल ना?" ती हो म्हणाली होती.

"जखमेतलं रक्त काळं दिसायला लागलंय," मदतीचा सर्जन हलकेच म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"दिसू दे. अजून पाच," प्रोफेसर म्हणाले.

अकरा वर्षं या खोलीत 'अजून पाच'च्या पुढे ती कधी काही बोलली नव्हती. एकोणऐंशी. रालित्सा उठून उभी राहिली. पडद्यापलीकडे प्रोफेसरांची मनगटं जखमेत बुडालेली होती.

"हात बाहेर काढा," ती म्हणाली. "मी दोन्ही फुप्फुसं फुगवतेय. मी सांगेपर्यंत आत कुणीही हात घालायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."