निळी फीत

गावातली बेकारी मोजायच्या नोकरीसाठी आम्ही दोघी बहिणींनी अर्ज केले होते, लागली धाकटीला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ती गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र मिरवत माझ्याच दारात येते, आणि ती फीत माझ्या डोळ्यांत खुपते. “ताई, गेल्या आठवड्यात तासभर तरी कमाईचं काम केलंस?” “नाही.” “महिन्याभरात काम शोधलंस?” “दमले शोधून. सोडून दिलं.” “मग तुला बेकारांत धरता येत नाही.” म्हणजे मी धड बेकारसुद्धा नाही. माझ्यासारखे दमलेले गणतीतून गळत गेले आणि तिच्या आकड्यांत गावची बेकारी घटत गेली. आज तिने पुन्हा विचारलं, “काम शोधलंस?” “हो.” तिचं बोट टॅबवर थबकलं. “कुठे?” “तुझ्या नोकरीची मुदत संपतेय ना, त्याच जागेसाठी अर्ज टाकलाय. आता लिही मला बेकार.” तिने लिहिलं, फीत मुठीत धरून.